तीन इसा अन् तेरा

लहानपणी मला एकोणसत्तरची भीती वाटत असे. वाघाची, विहिरीतल्या आसरांची भीती गावातल्या सगळ्याच मुलांना होती, तशी मलाही होती. पण ती दिवे लागल्यानंतरची. एकोणसत्तरची भीती सकाळी अकराच्या उन्हात, शाळेच्या सारवलेल्या जमिनीवर बसलेलं असताना वाटायची. गुरुजी तोंडाने आकडे सांगत आणि आम्ही ते पाटीवर उतरवायचे. चाळीसपर्यंत मी सगळ्यांच्या बरोबर असायचो. त्यापुढे एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी असे एकामागून एक येऊ लागले की ते मला एका घरातल्या सारख्या तोंडावळ्याच्या भावांसारखे वाटत. यातला थोरला कोण आणि धाकटा कोण हे ठरवेपर्यंत गुरुजी पुढच्या आकड्यावर गेलेले असत. मग मी शेजारच्या पाटीकडे डोळा टाकायचो.

आमचं गाव रिठदपासून चार मैलांवर. तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात मोडत असे आणि दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. मारुतीच्या पाराला लागून एक लांबट खोली होती, तीच शाळा. चार वर्ग, तीसेक मुलं आणि एकच गुरुजी. ते यवतमाळकडचे होते, एकटे राहत, शाळेमागच्या खोलीत स्वतःच्या हाताने स्वयंपाक करत. सकाळी ते पहिलीला उजळणी लावून देत, दुसरीला तोंडी हिशोब घालत, तिसरीला शुद्धलेखन सांगत आणि चौथीला नकाशापुढे उभं करत. खोलीत एकाच वेळी चार प्रकारचा गलका चाले. त्या गलक्यात गुरुजींना प्रत्येकाच्या पाटीत डोकं घालायला वेळ कुठून मिळणार? पाटी उलटी धरून दाखवायची, ते नजर टाकत, बरोबर असली तर मान हलवत, चूक असली तर वेताची छडी पाटीच्या लाकडी चौकटीवर वाजवत. हातावर ती क्वचितच बसे. पण चौकटीवरचा आवाज सगळ्या शाळेला ऐकू जायचा, आणि तो हातावर बसण्यापेक्षा वाईट वाटायचा.

गणिताबद्दल आम्हा मुलांच्या मनात काय चाललेलं असे, हे मोठ्या माणसांनी आम्हाला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी आम्ही सांगितलं नसतं. माझ्या शेजारी गावातल्या पिंजाऱ्याचा मुलगा बसे. कापूस पिंजणाऱ्या बापाच्या धनुकलीची लय त्याच्या कानात बसलेली होती, त्यामुळे पाढे त्याला गाण्यासारखे येत. तो डोळे मिटून, किंचित डोलत एकोणतीसचा पाढा शेवटापर्यंत नेई. पण वजाबाकीत 'हातचा' आला की तो गडबडायचा. हातचा एक घेतला म्हणजे तो खरोखरच डाव्या मुठीत धरून ठेवायचा असतो, असं त्याला वाटे. हिशोब संपेपर्यंत तो मूठ उघडत नसे. एकदा मी त्याच्या मुठीवर टिचकी मारली तर तो खरंच चिडला.

"अबे, सांडला ना माहा हातचा," तो म्हणाला. "आता पुन्हा पहिल्यापासून करा लागन."

पाटलांच्या मुलाला शून्याचा राग होता. ज्याची काही किंमत नाही त्याला लिहायचं तरी कायले, असं तो म्हणे, आणि लिहीत नसे. एक मुलगी होती, तिला सम आकडे बायका आणि विषम आकडे पुरुष वाटत. नऊ हा तिच्या मते तिच्या आजोबांसारखा होता, पाठीत वाकलेला.

माझी गोष्ट वेगळी होती, पण ती वेगळी आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटे, मीच ढ आहे. पाटीवर मांडलेली बेरीज मला येई. आकड्याखाली आकडा ठेवायचा आणि उजवीकडून सुरुवात करायची, त्यात डोकं फारसं लागत नाही. पाढे मी सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणायचो. 'एकोणीस चोक शहात्तर' हे मी शेकडो वेळा म्हटलं असेल. मात्र त्यातला 'शहात्तर' आणि पाटीवरचा ७६ हे एकच आहेत, हे मला कळलेलं नव्हतं. आरतीतले शब्द जसे असतात तसे ते पाढ्यातले शब्द होते. त्यांना अर्थ असतो असं मला वाटलं नव्हतं. आणि तोंडी हिशोब तर माझे चुकायचेच. गुरुजींनी हिशोब सांगावा, माझ्या डोक्यात उत्तर सगळ्यांच्या आधी यावं, मी ते घाईने लिहावं आणि पाटीच्या चौकटीवर छडी वाजावी, हे रोजचं होतं.

डोक्यात उत्तर यायचं ते मायच्या मोजणीने. आमच्या घरात शाळेची पायरी कुणी चढलं नव्हतं. बाबा अंगठा उठवायचे. मायला चाळीसपर्यंत आकड्यांची नावं येत. पण मोजताना ती वीस-वीसचे ढीग करी. वीसला ती 'इसा' म्हणे. दोन इसा म्हणजे चाळीस, तीन इसा म्हणजे साठ, पाच इसा म्हणजे शंभर. आंबे असोत, ज्वारीच्या पेंढ्या असोत की गोवऱ्या, ती दोन्ही हातांत मिळून पाच उचली, असं चार वेळा केलं की एक इसा झाला म्हणून भिंतीवर ओल्या शेणाचा एक ठिपका देई. शेवटी ठिपके मोजायचे आणि उरलेलं वर सांगायचं. सत्तेचाळीस म्हणजे दोन इसा अन् सात. एकोणसत्तर म्हणजे तीन इसा अन् नऊ. वीस-तीसचे आकडे शाळेत सांगत तसेच घरीही सांगत, चाळीसपर्यंत फरक नव्हता. पण त्यापुढची शाळेतली नावं मी घरात कधी ऐकलीच नव्हती. गावातली बहुतेक जुनी माणसं असंच मोजत, आणि मायच्या बरोबरीने मोजण्यात माझा हात चांगला बसला होता. ढिगाकडे बघून मी तिच्या आधी सांगायचो.

शाळेत मी तेच डोक्यात करायचो आणि जे ऐकू येई ते लिहायचो. दोन इसा अन् सात, म्हणून २७. तीन इसा अन् नऊ, म्हणून ३९. मला त्यात काहीच चुकीचं दिसत नसे. आधी दोन ऐकू येतो, मग सात. ऐकू आलं त्या क्रमाने लिहिलं, एवढंच.

दुसरीत मी दुसऱ्या वर्षी बसलो होतो. दरवर्षी होळीच्या आधी वाशीमहून शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब परीक्षेला येत, आणि त्यांच्यापुढे कुणाला बसवायचं ते गुरुजी ठरवत. कच्ची मुलं ते बसवत नसत. नापास झालेल्या मुलांचा ठपका गुरुजींवरच येई. आदल्या वर्षी त्यांनी मला बसवलं नव्हतं. आमच्या गावात एका वर्गात दोनदा अडकलेल्या मुलाला तिसऱ्यांदा कुणी पाठवत नसे, तशी रीतच होती. पेरणीच्या दिवसांतच बाबांनी मला सांगून ठेवलं होतं.

"यंदा वर सरकला तं सरकला. नाई सरकला तं पाटी माळ्यावर टाकू अन् तू मामाच्या गावाले जाय. त्याले ढोरांमागं माणूस पायजे."

बाबा रागाने बोलले नव्हते. नांगर कुठून सुरू करायचा हे ठरवताना ते ज्या आवाजात बोलत, तोच आवाज होता. म्हणून ते होणारच, हे मला कळलं. मामाचं गाव किन्हीराजाच्या पलीकडे होतं. तिथे शाळा नव्हती. मला शाळा फार आवडत होती असं नाही, पण शाळेत नाव वाचलं जातं, हजेरीला 'हजर' म्हणायला मिळतं, हे मला आवडे. ढोरांमागे हजेरी नसते.

माघात एकदा गुरुजींनी दुसरीला तोंडी हिशोब घातला. एका झाडाचे तीस आंबे उतरवले, दुसऱ्याचे पंचवीस. टोपल्यात किती झाले? मी लगेच लिहिलं आणि पाटी वर केली. गुरुजींनी नजर टाकली, पुढे गेले, आणि परत आले. त्यांनी माझी पाटी हातात घेऊन सगळ्या शाळेकडे फिरवली. पाटीवर २१५ होते.

"बघा रे," ते म्हणाले. "तीस आणि पंचवीस आंबे याने टोपल्यात टाकले, आणि टोपल्यात दोनशे पंधरा निघाले. इतरांच्या झाडाला आंबे लागतात, याच्या टोपल्याला लागतात."

शाळा हसली. गुरुजीही हसले. त्यांचं हसणं वाईट नव्हतं, सकाळपासून घसा ताणलेल्या माणसाचं होतं. पण त्या दिवसापासून माझं नाव 'टोपल्या' पडलं. घरी जाताना पिंजाऱ्याचा मुलगा माझ्या बाजूने चालत होता.

"टोपल्या, मले दोन आंबे देशील का बे?" त्याने विचारलं.

"मी लिवलं ते बरोबर हाये," मी म्हणालो.

"मंग गुर्जी काहून हासले?"

मी त्याला मागे टाकून पुढे निघालो. पुढच्या आठवड्यात गुरुजींनी परीक्षेला न बसणाऱ्यांची नावं सांगितली. दुसरीतलं एकच नाव होतं, माझं. मी ते घरी सांगितलं नाही.

होळीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्याकडे गोवऱ्या राखायचे दिवस असतात. गावातली मोठी मुलं होळीसाठी कुणाच्याही उडव्यातून, म्हणजे रचून ठेवलेल्या ढिगातून, गोवऱ्या पळवतात आणि त्यांना कुणी रागे भरत नाही, तो सणाचाच भाग. त्यामुळे बायका सकाळ-संध्याकाळ आपापला ढीग मोजून ठेवत. चोरी थांबवता येत नसे, पण किती गेल्या हे माहीत असलं की दुसऱ्या दिवशी पारावर बसलेल्या पोरांना टोमणे मारता येत. माय तर भिंतीवरचे ठिपके पाहून सांगे की रात्री किती हात आले होते. चोर पोरं एका खेपेला दोन्ही काखांत मिळून किती नेतात, हे तिने ठरवून टाकलेलं होतं.

याच दिवसांत गुरुजींना जळण पोहोचवायचीही रीत होती. ज्याचं मूल शाळेत, त्याने आपल्या ढिगातून काही गोवऱ्या द्यायच्या. मायने त्यांना तीन इसा सांगून ठेवल्या होत्या. एका दुपारी शाळा सुटल्यावर तिच्या डोक्यावर मोठं टोपलं आणि माझ्या डोक्यावर लहान, असे आम्ही गुरुजींच्या खोलीशी गेलो. माझ्या डोक्यावरचं टोपलं बघून पारावरची दोन पोरं हसली. माय त्यांच्याकडे वळून म्हणाली, "हासा, हासा. काल राती पंधरा नेल्या ना तुमी? मले मालूम हाये."

गुरुजी दारात तांदूळ निवडत बसले होते. माय पदर पुढे ओढून बाजूला उभी राहिली आणि भिंतीशी गोवऱ्या रचू लागली. पाच-पाच ठेवत ती पुटपुटत होती. शेवटी तिने हात झटकले.

"गुर्जी, तीन इसा देतो म्हटलं होतं. पन पाच ओल्या निंगाल्या, त्या वापस ठेवल्या. ह्या दोन इसा अन् पंधरा हायेत. पाच मागून पाठवतो."

गुरुजी "बरं, बरं" म्हणाले आणि पुन्हा ताटात बघू लागले. मग त्यांचा हात थांबला.

"बाई, किती म्हणालात?"

मायला वाटलं, कमी भरल्या म्हणून विचारतात. "कमी नाई गुर्जी. तुमीच मोजा. दोन इसा अन् पंधरा."

गुरुजींनी ताट खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पाटी आण."

मी शाळेतून पाटी आणली. "आई आत्ता जे म्हणाली ते लिही."

मी २१५ लिहिलं. छडी आत खोलीत होती, तरी मी पाटी थोडी मागे धरली.

गुरुजींनी ती वाचली. मग म्हणाले, "चार इसा अन् बारा लिही."

मी ४१२ लिहिलं.

"तीन इसा अन् नऊ."

मी ३९ लिहिलं.

माय पदराआडून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण मी न थांबता लिहितो आहे एवढं तिला दिसत होतं. "बरोबर लिवते ना, गुर्जी?" तिने विचारलं.

गुरुजी म्हणाले, "हिशोब बरोबर करतो, बाई. पहिल्यापासून बरोबरच करत असला पाहिजे. लिहिणं चुकतंय." आणि ताट पुन्हा उचलत, "चूक माझ्या लक्षात यायला हवी होती."

हे दुसरं वाक्य मायला नीट कळलं नसावं. ती म्हणाली, "मंग शिकवा," आणि रिकामी टोपली एकात एक घालून निघाली.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींनी मला शाळेआधी एक तास बोलावलं. परीक्षेला दहा-बारा दिवस राहिले होते. त्यांनी मला तुरीच्या वाळलेल्या काड्या आणायला लावल्या आणि त्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधायला सांगितल्या. माझ्या हाताला वीसची सवय होती. मी वीस काड्या बांधून ठेवल्या. गुरुजींनी ती जुडी सोडली आणि दोन केल्या. मला ते अजिबात आवडलं नाही.

"इसा कायले तोडला, गुर्जी?" मी विचारलं.

"तोडला नाही. दोन्ही जुड्या इथेच आहेत. आईला सांगताना इसा म्हण. पाटीवर लिहिताना मात्र जुड्या मोज. पाटीला इसा समजत नाही, तिला दहाची जुडीच समजते. तीन इसात जुड्या किती?"

मी मोजल्या. सहा होत्या.

"आणि वर नऊ काड्या. लिही."

मी ६ लिहिला, त्याच्या पुढे ९ लिहिला.

"याचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. गुरुजींनी नऊ सुट्या काड्यांशेजारी आणखी एक ठेवली आणि त्यांची जुडी बांधली. "आता किती जुड्या?" सात. "म्हणजे?" सत्तर, हे मला येत होतं. त्यांनी ती काडी पुन्हा काढून घेतली. "सत्तरला एक कमी. एकोण म्हणजे एक कमी. एकोणसत्तर."

मी हसलो. मला आवरेना. इतकी वर्षं ज्याला घाबरलो तो आकडा स्वतःचं नाव सांगत माझ्यासमोर उभा होता आणि मी ते ऐकलंच नव्हतं. मी लगोलग एकोणऐंशी केला, एकोणनव्वद केला. थोरला-धाकटा भाऊ ओळखता येऊ लागला. मग मी एकोणीस काड्या चार वेळा मांडल्या, जुड्या बांधल्या, आणि सात जुड्या सहा काड्या निघाल्या तेव्हा पाढ्यातला शहात्तर तिथे जमिनीवर पडलेला दिसला. पिंजाऱ्याचा मुलगा लवकर आला होता, तो दारात उभा राहून बघत होता.

"काय करून राह्यला बे?" त्याने विचारलं.

"शहात्तर हाये हे," मी म्हणालो.

"मंग? मले तं कवाचा मालूम हाये," तो म्हणाला. तो पाढ्यातला शहात्तर म्हणत होता, मला माहीत होतं. मी त्याला बसवलं आणि काड्या मोजायला लावल्या. गुरुजी तांब्याने तोंड धुवत होते, त्यांनी आम्हाला हटकलं नाही.

परीक्षेला बसवणार की नाही हे मात्र ते बोलेनात. विचारायची माझी छाती नव्हती. परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटताना ते दारातून म्हणाले, "उद्या टोपी धुतलेली घालून ये." टोपी धुवायला परीक्षेला बसणाऱ्यांनाच सांगत. मी घरापर्यंत पळत गेलो.

डेप्युटीसाहेब दोन बैलांच्या दमणीतून आले. कोट, उपरणं, सोनेरी काडीचा चष्मा. त्यांच्यासाठी पाटलांकडून खुर्ची आणली होती. त्यांनी चौथीपासून सुरुवात केली आणि दुसरीपर्यंत येताना दुपार झाली. तोंडी हिशोबाच्या वेळी ते सगळ्यांना हात डोक्यावर ठेवायला सांगत, म्हणजे बोटांच्या पेरांवर मोजता येऊ नये. पिंजाऱ्याच्या मुलाला वजाबाकी आली तेव्हा त्याची डावी मूठ डोक्यावर घट्ट मिटलेली मी पाहिली. त्याचं उत्तर बरोबर आलं.

मग साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "एका ओळीत एकोणीस झाडं. अशा चार ओळी. त्यातली तीन झाडं वाळली. हिरवी किती राहिली?"

पाढा आठवायचा होता. पण डोक्यावर हात ठेवल्यावर पाढाबिढा काही आठवेना. मला मायचे ढीग दिसले. एका ओळीत एक कमी इसा. चार ओळी, म्हणजे चार इसात चार कमी. तीन वाळली, म्हणजे सात कमी.

"तीन इसा अन् तेरा," मी म्हणालो.

मागचे दोघे-तिघे हसले. साहेबांनी चष्म्यावरून गुरुजींकडे पाहिलं. "हे काय?"

गुरुजींचा चेहरा उतरला होता. त्यांनी मला बसवायला नको होतं, हे त्या क्षणी मलाही कळलं. पण ते पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, त्याला पाटीवर लिहू द्यावं."

"तोंडी परीक्षा आहे."

"उत्तर त्याने तोंडीच काढलंय. फक्त लिहू द्यावं."

साहेबांनी मान हलवली. मी हात खाली घेतले. पाटी गुडघ्यावर धरली. तीन इसा, सहा जुड्या. तेरात एक जुडी आणखी, सात. वर तीन. मी ७३ लिहिलं आणि पाटी उलटी धरली.

साहेबांनी पाटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "बरोबर आहे. मग तोंडाने तसं का म्हणालास?"

"आमच्या घरी तसंच म्हनतेत," मी म्हणालो.

"याला त्र्याहत्तर म्हणतात."

"हो. सत्तर अन् तीन," मी म्हणालो, आणि न विचारता पुढे सांगितलं, "एकोणसत्तरमधी एक कमी असते."

साहेबांनी यादीवर खूण केली. खूण कसली हे मला दिसलं नाही. जाताना ते शाळेच्या शेरेबुकात बराच वेळ लिहीत होते. दमणी पारापलीकडे गेल्यावर गुरुजींनी यादी वाचली. दुसरीतले सगळे पास होते.

शेरेबुकात त्यांनी काय लिहिलं हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. कॉलेजात प्रवेश घेताना जन्मतारखेचा दाखला हवा होता म्हणून मी गावच्या शाळेत गेलो होतो. नवे गुरुजी जुनी रजिस्टरं उघडून शोधत होते, त्यात ते पुस्तक हाती आलं. 'गणित साधारण. गावंढळ पद्धतीच्या मोजणीस शिक्षक उत्तेजन देतात असे दिसते. ते बंद करावे,' असा शेरा होता. खाली आमच्या गुरुजींची सही होती, शेरा वाचल्याची. ते तोवर बदलून मानोऱ्याकडे गेले होते आणि नंतर वारले. त्या परीक्षेनंतरही दोन वर्षं त्यांनी काड्यांच्या जुड्या बंद केल्या नव्हत्या, हे मला पक्कं आठवतं. तिसरीत आणि चौथीत मीच लहान मुलांसाठी त्या बांधून देत असे. मी पुढे पदवीधर झालो, माझ्या घराण्यातला पहिला, आणि हायस्कुलात गणित शिकवू लागलो. मुलाचं उत्तर चुकलं की छडी वाजवण्याआधी मी 'कसं आणलं ते सांग' असं विचारत आलो. हे मी ट्रेनिंग कॉलेजात शिकलो नाही.

त्या दिवशी पास झाल्याचं सांगायला मी घरी गेलो तेव्हा माय उडव्याशी गोवऱ्या मोजत होती. बाबा बैलांना पाणी दाखवून नुकतेच आले होते. मी सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं आणि म्हणाले, "मंग मामाले निरोप धाडा लागन का, दुसरा माणूस पाय म्हनून." एवढंच. मामाच्या गावी मी त्यानंतर फक्त लग्नाकार्याला गेलो.

मायने मोजणी न थांबवता विचारलं, "सायेबानं काय इचारलं?"

मी तिला सांगितलं. एकोणीस झाडं, चार ओळी, तीन वाळली.

तिच्या दोन्ही हातांत पाच गोवऱ्या होत्या. त्या तिने ढिगावर ठेवल्या, बोट शेणात बुडवून भिंतीवर ठिपका दिला आणि म्हणाली, "तीन इसा अन् तेरा."

"हो," मी म्हणालो.

"अन् एवढं इचाराले तो वाशीमाहून दमनी जुपून आला?"

बाबा हसले. माय पुढच्या पाच उचलायला वाकली.